गुरुलिंग आप्पांचा आंबा

सुप्याहून मोरगावकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, माळावर, अठरा एकरांचे एक क्षेत्र आहे. सात एकरांत ज्वारी, बाजरी आणि मटकी होते. चार एकरांत झाडे आहेत आणि त्या झाडांच्या बुडाशी माणसे पुरलेली आहेत. उरलेल्या जागेत विहीर, शेततळे, पत्र्याची एक शेड आणि पुष्कळ दगड. या भूमी केंद्राचा व्यवस्थापक म्हणून मी सात वर्षे काम केले. त्याआधीची सगळी नोकरी बारामतीत, एका दैनिकाच्या कचेरीत, दुसऱ्यांनी पाठवलेल्या बातम्या तपासण्यात गेली. त्यामुळे केंद्रावर माझे नाव शेवटपर्यंत 'पेपरवाले भाऊ' असेच राहिले.

काम काय होते ते आधी सांगतो, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर भलतेच काही उभे राहते. खड्डा साडेतीन ते चार फूट खोल घेतात. त्याखाली आमच्या माळाला मुरूम लागतो, आणि शरीराची माती करणारे किडे-जंतू वरच्या मातीत असतात, मुरमात नसतात. देह मांजरपाटात गुंडाळायचा. नायलॉनची साडी, प्लास्टिकचे हार, पेटी, फरशी, सिमेंट यांतले काही चालत नाही. खड्डा विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला. माती बसायला पहिले काही पाऊस पडावे लागतात, म्हणून झाड लगेच लावत नाहीत. नावाचा दगड नसतो. हद्दीच्या दोन दगडांपासून फीत धरून दोन अंतरे मोजतात आणि वहीत लिहून ठेवतात. नातेवाईक आले की वही उघडायची, फीत धरायची आणि त्यांना त्या जागी नेऊन उभे करायचे. दहन करणारी घरेही येतात. ती रक्षा नदीत सोडण्याऐवजी इथे खड्ड्यात घालतात आणि वर झाड लावतात. आता त्यांचीच संख्या जास्त आहे.

शेवटचा नियम मिठाचा. पुरताना मीठ घालायची सवय आपल्याकडे अनेक समाजांत आहे. कोणी म्हणते त्याने देह लवकर विरघळतो, कोणी म्हणते जनावरे उकरत नाहीत, बहुतेक जण म्हणतात की वडील घालत आले म्हणून घालायचे. केंद्रावर मीठ चालत नाही, कारण ती शेतजमीन आहे. इंदापूरकडच्या ज्या शेतकऱ्यांची उसाची राने अतिपाण्याने क्षार वर येऊन पांढरी पडली आहेत, त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही, असे मी तेव्हा समजत होतो.

जागा चार कुटुंबांनी मिळून दिली. ग्रामसभेचा ठराव आणि वरच्या कचेरीची परवानगी हातात पडायला तीन वर्षे गेली. पहिल्या वर्षी दोनच दफने झाली. ज्वारी चांगली पिकली, पण ती घ्यायला कोणी तयार नव्हते. रान कसायची हौसाबाई. ती शेजारच्याच वस्तीवरची, निम्म्या वाट्याने केंद्राची जमीन करायची. सुप्याच्या बाजारात पोते उघडून बसलेल्या हौसाबाईला एका गिऱ्हाइकाने विचारले, "ज्वारी मसणातली का गं?"

"व्हय," हौसाबाई म्हणाली. "आन तुझ्या रानात आजवर काय मेलंच न्हाय का? बैल, कुत्री, साप, तुझा आजा?"

गिऱ्हाईक हसले, पण ज्वारी घेतली नाही. ती आम्हीच वर्षभर खाल्ली.

लोकांनी यावे म्हणून मी एक पत्रक काढले. बातमी थोडक्यात लिहायची सवय असल्याने सगळे एकाच पानावर बसवले. वर, 'येथे नैसर्गिक पद्धतीने अंत्यविधी केले जातात.' खाली, 'पौष-माघात ताजा हुरडा मिळेल.' मध्ये एक रेघ आणि तळाला दोन्हींसाठी एकच फोन. आठवड्याने बारामतीहून एका गृहस्थांचा फोन आला. "आमी चाळीस जण हुरड्याला येतोय. फक्त त्या दिवशी दुसरं काय ठेवू नका." पुढच्या वर्षापासून पत्रके दोन झाली. चाळीस जण मात्र आले, आणि जाताना त्यांतल्या दोघांनी दुसऱ्या कामाची चौकशी केली. केंद्र वाढले ते असेच. हुरड्याला आलेले रक्षा घेऊन आले, आणि रक्षा घेऊन आलेले पुढच्या हंगामात ज्वारी घेऊन गेले.

वालचंदनगरला कारखान्यात टर्नर म्हणून नोकरी केलेले एक निवृत्त गृहस्थ स्वतःची जागा नोंदवायला आले ते खिशात स्टीलची फीत घेऊन. दुसऱ्यासाठी तयार ठेवलेल्या खड्ड्यात उतरून त्यांनी माप घेतले.

"रुंदी दोन इंच कमी हाय."

"माती मऊ असते. सामावून घेते," मी म्हणालो.

"माती घेईल. मी घेणार न्हाय."

तेव्हापासून सगळेच खड्डे दोन इंच जास्त रुंद घेतात. टर्नर अजून ठणठणीत आहेत. महिन्यातून एकदा येतात आणि केंद्राचा पंप बघून जातात.

आता गुरुलिंग आप्पांविषयी. इंदापूर तालुक्यातल्या एका गावचे हे लिंगायत शेतकरी, वय ऐंशीच्या पुढचे. एका सकाळी ते एसटीने आले. रंगाच्या रिकाम्या डब्यात वाढवलेले आंब्याचे रोप त्यांनी मांडीवर धरून आणले होते. बरोबर मुलगा विश्वनाथराव होता. तो पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यांच्या घरात दफनाचीच रीत आहे आणि घरच्याच रानात पुरतात. आप्पांना तिथे जायचे नव्हते.

"समदं रान पांढरं झालंय," आप्पा म्हणाले. "तितं ठेवलं तर मी तसाच राहीन, लोणच्यागत."

विश्वनाथराव जमिनीकडे बघत होता. आप्पांनी डबा टेबलावर ठेवला. रोप त्यांच्या वडिलांनी बांधावर लावलेल्या गावरान आंब्याचे होते. क्षार चढला तसा तो आंबा वाळत गेला. शेवटच्या बहरातल्या पाच कोयी त्यांनी रुजवल्या. चार रोपे घरी लावली, ती गेली. हे पाचवे.

"ह्याला गोडी माती पायजे. तेवढ्यासाठी मी आलोय. आंबा हितं लावा आन मला त्याच्या शेजारी ठेवा. मी काय, कुठंबी मावतो."

मी नियम वाचून दाखवले. मिठाच्या नियमाला ते हसले. "मिठानंच तर पळवून लावलंय मला," म्हणाले आणि सही केली. रोप विश्वनाथरावाने परत नेले. वेळ येईपर्यंत ते डब्यातच राहणार होते.

वेळ माघात आली. टेम्पो आणि दोन जीपगाड्या भरून माणसे आली. फाटकाशी आप्पांच्या धाकट्या बहिणीने, गंगूआत्यांनी, वाट अडवली. त्यांच्या बरोबरच्या एका पिशवीत खडे मीठ होते, आणि मी ती आत नेऊ देत नव्हतो.

"मीठ न्हाय म्हंजी? माणूस असाच टाकायचा?"

"आत्या, आप्पांनी सही केलीय," विश्वनाथराव म्हणाला.

"सही त्यानं केली. बहीण मी हाय."

"भावकीत तोंड दाखवायचंय आमाला," मागून कोणीतरी म्हणाले.

विधीसाठी आलेल्या जंगम स्वामींनी समजूत घातली. "मीठ मंत्रात न्हाय, बाई. विभूती हाय, बेल हाय. ते आपुन यथासांग करू." आत्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी पिशवी जीपमध्ये ठेवायला लावली आणि बायकांच्या घोळक्यात गेल्या. मी वहीत लिहिले, 'मिठावरून वाद. मिटला.'

आप्पांना त्यांच्या रीतीप्रमाणे बसवून ठेवले. स्वामींचे झाल्यावर मूठमाती सुरू झाली. आलेल्या प्रत्येकाने मूठभर माती टाकायची, मग खणणारे फावड्याने खड्डा भरतात. मी नेहमीप्रमाणे खड्ड्याच्या कडेला वही घेऊन उभा होतो. नोंद आजही तिथे आहे. सुरुवात अकरा दहा, खोली तीन फूट दहा इंच, मूठमाती देणारे एकशे बारा.

आषाढात, माती बसल्यावर, विश्वनाथराव रोप घेऊन आला आणि त्याने ते स्वतःच्या हाताने लावले. पाऊस त्या वर्षी जेमतेम झाला. भाद्रपदात पानांची टोके करपायला लागली. पाणी वाढवले, तर करपा पानाच्या मध्यापर्यंत आला. शेजारची सीताफळे त्याच पाण्यावर चांगली होती. विश्वनाथराव दर पंधरवड्याला यायचा, रोपाजवळ उकिडवा बसायचा आणि परत जायचा. गावाकडे लोक बोलत होते. आप्पांना परक्या माळावर नेऊन टाकले, घरच्या रानातून उठवले, म्हणून आप्पा नाराज आहेत आणि आंबा धरत नाही, असा भावकीचा निकाल होता.

कार्तिकात तो अर्ज घेऊन आला. वडिलांना इथून काढून घरच्या रानात न्यायचे, केंद्राने ना हरकत द्यावी.

"पुरलेला देह काढायला सरकारी परवानगी लागते," मी सांगितले. "दंडाधिकाऱ्यांची."

"ते मी बघतो. तुमी तुमचा कागद द्या."

"आप्पांना तिथे जायचं नव्हतं."

"मला ठाव हाय. समोर बसून ऐकलंय मी. पण त्येंचा आंबाबी मेला आन त्येबी परके झाले, तर मी कशाचा पोरगा?" त्याचा आवाज चढला नव्हता. "निदान आपल्या रानात तर असतील."

मी आठ दिवसांची मुदत मागितली. अर्ज नामंजूर करण्यासारखे कारण माझ्याकडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई शेळ्यांसाठी पाला तोडत त्या बाजूला गेली होती. तिने हाक मारली. "पेपरवाले भाऊ, हितं या जरा."

ती आंब्याच्या आळ्यात बसली होती. तिने वीतभर खालची चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. मग दहा पावलांवरच्या सीताफळाखालची माती चाखली, तीही थुंकली.

"ही गोडी. त्या आळ्यात मीठ हाय."

"नाही. मीठ आत येऊ दिलेलं नाही. मी स्वतः लिहिलं आहे."

"वहीत नसंल. मातीत हाय. घ्या, बघा."

मी चाखली. शंका घ्यायला जागा नव्हती.

विश्वनाथरावाला फोन केला. तो दुपारपर्यंत आला आणि त्याने माती जिभेवर ठेवली. असे खारे रान कसत त्याची वीस वर्षे गेली होती, चव त्याला लगेच कळली. आधी त्याला वाटले, आमच्या विहिरीचे पाणीच खारे असेल. हौसाबाईने त्याला पाणी पाजले. मग तो म्हणाला, "आत्याला आणतो."

गंगूआत्या गुरुवारी आल्या. शेडमध्ये हौसाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी हाताने दूर सारला. मसणातले पाणी त्या पीत नव्हत्या. विश्वनाथरावाने एवढेच विचारले, "आत्या, मीठ कसं घातलं?"

त्यांनी नाकारले नाही. "पदरात होतं. पिशवी जीपमधी ठिवताना वाटून घेतलं. मूठमातीच्या टायमाला मुठीत घेतलं, मातीसंगट टाकलं. माज्या एकटीच्या न्हाय, सोळा जणींच्या पदरात. एकेकीनं चार-चार येळा टाकलं."

"मी तिथेच उभा होतो," मी म्हणालो.

"व्हय की. तुमी वहीत बघत हुता."

हे खरे होते. एकशे बारा मुठी मी मोजल्या होत्या, आणि काही बायका पुन्हा रांगेत लागल्या हेही माझ्या लक्षात आले नव्हते. नोकरीत असताना असा आकडा पाठवणाऱ्या वार्ताहराला मी फोनवर झाडले असते.

"पण का, आत्या?" विश्वनाथरावाने विचारले.

"आईला घातलं. बापाला घातलं. मधल्या भावाला मी ह्या हातानं घातलं. त्यालाच का न्हाय घालायचं? त्यानं काय केलं हुतं?" मग शेडच्या बाहेर बघून त्या म्हणाल्या, "मंग आंबा मी मारला व्हय?"

हौसाबाई उठली, त्यांना हाताला धरून आळ्यापाशी घेऊन गेली आणि तिने नखाने रोपाची साल बुडाशी जराशी खरवडली. आत हिरवे होते.

"मेला न्हाय अजून," हौसाबाई म्हणाली. "रुसलाय."

उपाय कोणाला शोधावा लागला नाही. विश्वनाथरावाला तो तोंडपाठ होता. त्यांच्या गावात त्यावर किती बैठका झाल्या होत्या. रानाच्या खालच्या अंगाला खोल चर खणायचा, वरून गोडे पाणी सोडायचे, क्षार विरघळून चरात उतरतो आणि निघून जातो. त्याच्या रानात ते कधी झाले नाही, कारण चर खालच्या शेतकऱ्याच्या जमिनीतून काढावा लागत होता आणि तो वाट देत नव्हता. इथे खाली ओढा होता आणि वाट द्यायला हरकत घेणारे कोणी नव्हते. त्याने सदरा काढून झाडाला अडकवला आणि टिकाव मागितला.

चर आप्पांपासून सहा फूट अंतर सोडून घ्यायचा, ही अट मी घातली आणि फीत धरून उभा राहिलो. या वेळी वही शेडमध्ये ठेवली होती. दोन दिवसांत चर ओढ्याला मिळाला. टर्नरांनी शेततळ्यापासून नळी जोडून दिली. आळे मोठे करून त्यात शेणखत टाकले, जिप्सम टाकले आणि पाणी भरले. आठ दिवसांनी पुन्हा भरले. चरात पाझरलेले पाणी विश्वनाथराव दर खेपेला ओंजळीत घेऊन चाखायचा. पहिल्या खेपेचे पाणी त्याने लगेच थुंकले. तिसऱ्या खेपेचे जरा वेळ तोंडात धरले. गंगूआत्या दोन खेपांना आल्या होत्या. पाचव्या खेपेला त्यांनी स्वतः हात पुढे केला, चरातले पाणी चाखले आणि गिळले. दुपारी हौसाबाईने भाकरी वाढल्या तेव्हा एक ताट जास्त होते आणि ते रिकामे झाले.

अर्जाचे काय करायचे, हे मी विचारले. "ऱ्हाऊ द्या फायलीत," विश्वनाथराव म्हणाला. "उन्हाळा काढू द्या त्याला."

होती ती पाने एकेक करून सगळी गळली. पौष गेला, माघ गेला. आप्पांना वर्ष झाले त्या दिवशी घरचे सगळे आले, तेव्हा तिथे हातभर उंचीची एक काडी उभी होती. भावकीतल्या एकाने विश्वनाथरावाला ऐकू जाईल अशा बेताने "काडीला काय नमस्कार करायचा" असे म्हटले. त्याला उत्तर गंगूआत्यांनी दिले, "तू नको करू. तुला बगून ती आनखी वाळंल."

फाल्गुनाच्या शेवटी काडीच्या टोकाला तांबूस पालवी फुटली. मी फोन केला. विश्वनाथराव त्याच दिवशी आला, उकिडवा बसला, पाने मोजली. सात होती. मग शेडमध्ये येऊन त्याने अर्ज मागितला, घडी केली आणि खिशात घातला. आवक वहीत त्या क्रमांकापुढे 'अर्जदाराने परत नेला' अशी नोंद आहे. जाताना त्याने चराची खोली आणि उतार कागदावर लिहून घेतला. खालच्या शेतकऱ्याशी तो पुन्हा बोलला, असे नंतर कळले. निम्म्या लांबीपर्यंत वाट मिळाली आहे.

केंद्रावर एक नियम वाढला. मूठमाती आता एकाच पाटीतली द्यायची, आणि आधी सगळ्यांनी हौदावर हात धुवायचे. मी नोकरी सोडेपर्यंत काही म्हाताऱ्या त्यावर कुरकुरत होत्या. नियम कोणामुळे आला हे त्यांना सांगितले जात नाही.

माझ्या शेवटच्या वर्षात गंगूआत्या सुनेला घेऊन आल्या. स्वतःची जागा नोंदवायची होती. मी नियम वाचले. मिठापाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "परत वाचा."

मी परत वाचले.

"ऐकलं का गं?" त्यांनी सुनेला विचारले.

"व्हय, आत्याबाई."

"ही आता व्हय म्हणतीय," त्या मला म्हणाल्या. "त्या दिवशी हिचा पदर बगा. आन हिच्या जावांचाबी."

"आता आम्ही हात धुवायला लावतो."

"हाताचं सांगत न्हाय मी. पदर बगा."

मी फॉर्मच्या शेऱ्यात 'पदर पाहावेत' असे लिहिले आणि त्यांना वाचून दाखवले. त्यांचे समाधान झाले. मग त्यांनी जागा दाखवायला सांगितले. मी फीत धरली. आंबा आता माझ्या खांद्याला लागत होता. त्या दोन्ही हात कमरेवर ठेवून एकदा आंब्याकडे आणि एकदा स्वतःच्या जागेकडे बघत उभ्या राहिल्या.

"भावापासनं किती लांब?"

"बारा फूट."

"सावली येती का एवढ्या लांब?"

"अजून नाही. दहा वर्षं लागतील."

"मंग घाई न्हाय," आत्या म्हणाल्या, आणि सहीसाठी पेन मागितले.